अमेरिकेतील नोकरशाही व तिचा कासरा

(गावच्या वाचनालयात एका प्राथमिक शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या कारभारावर मास्तर काय बोलणार, आणि ते ऐकून आमच्या विहिरीला पाणी लागणार आहे काय, असे इथे बसलेल्या पुष्कळांच्या मनात आले असेल. ते वाजवीच आहे. पण सातासमुद्रापलीकडच्या त्या देशातही कुणब्याला सरकार दिसते ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या रूपानेच. अध्यक्षाची तसबीर भिंतीवर असते. कागद मात्र कारकुनाच्या हातात असतो. तो कागद सरकला तर कर्ज मिळते, अडला तर हंगाम जातो. मग या कारकुनाचा धनी कोण? या एका प्रश्नावर त्या देशात दोनशेहून अधिक वर्षे भांडण चालले आहे. आम्ही स्वतः शाळामास्तर, म्हणजे सरकारचेच चाकर, तुमच्या पैशावर पगार घेणारे. तेव्हा जे बोलू ते आम्हालाही लागू आहे असे धरून चालावे.

आधी पसारा किती तो पाहू. अमेरिकेत ५० राज्ये आहेत व प्रत्येकाचे सरकार निराळे. शाळा, पोलीस, बहुतेक रस्ते ही कामे राज्यांची आणि गावांची. त्या सर्वांवर जे संघ सरकार आहे, त्याच्या नोकरांविषयीच आज बोलायचे आहे. १७८९ साली त्या सरकारची परराष्ट्र, खजिना व युद्ध अशी तीनच खाती होती. आज पंधरा खाती आहेत, आणि त्याखेरीज मंडळे व आयोग पुष्कळ. फौजेतले शिपाई सोडून वीस-बावीस लाख नोकर, टपालवाले पाच-सहा लाख ते वेगळे. यांतले पाचांपैकी चार राजधानीबाहेर, देशभर पसरलेले असतात. नवा अध्यक्ष आला म्हणजे तो आपल्या पसंतीची माणसे नेमतो ती सुमारे चार हजार. बाकीचे लाखो लोक जागेवरच असतात. एवढ्या मोठ्या बैलाला कासरा कसा लावायचा, हा खरा पेच आहे.

पूर्वी हा पेचच नव्हता, कारण सारीच माणसे धन्याची असत. १८२९ साली अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाला. त्याच्याआधी मोठाल्या जागा थोड्या शिकलेल्या व सधन घराण्यांत फिरत असत. बापामागे लेकाने खुर्चीवर बसावे असा प्रकार. जॅक्सन म्हणाला, सरकारी काम काही ब्रह्मविद्या नव्हे, कोणाही समंजस माणसाला ते जमेल, तेव्हा जागा फिरत्या ठेवा. हे ऐकायला आम्हालाही गोड वाटते, आणि त्यात खरेपणाही होता. पण झाले काय? घराण्याची मक्तेदारी गेली आणि पक्षाची आली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. निवडणूक जिंकली की डाकमुनशापासून जकातीच्या नाकेदारापर्यंत जुने सारे हाकलायचे आणि आपले बगलबच्चे बसवायचे. ज्याला जागा मिळाली त्याने पगारातला हिस्सा पक्षाच्या पेटीत टाकायचा. लिहितावाचता येते की नाही, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. नवा अध्यक्ष आला की नोकरी मागणाऱ्यांच्या रांगा त्याच्या दारापर्यंत लागत.

त्या रांगेतच एक चार्ल्स गिटो नावाचा माणूस होता. १८८० च्या निवडणुकीत आपल्या भाषणामुळेच गारफील्ड निवडून आले, असे त्याने डोक्यात घेतले होते, आणि त्याबद्दल पॅरिसमध्ये वकिलातीची जागा मागत तो महिनोन् महिने हेलपाटे घालीत होता. जागा मिळाली नाही. २ जुलै १८८१ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर अध्यक्षांवर गोळ्या झाडल्या. गारफील्ड अडीच महिने अंथरुणावर झिजले आणि १९ सप्टेंबरला वारले. माणूस अर्धवट डोक्याचा होता हे खरे, पण नोकरी म्हणजे निवडणुकीतली लूट हे वेड त्याला एकट्यालाच लागलेले नव्हते, साऱ्या देशाला लागलेले होते.

गारफील्डांच्या मागे आर्थर अध्यक्ष झाले. हे गृहस्थ याच वशिल्याच्या राजकारणात वाढलेले. न्यूयॉर्कच्या जकातकचेरीचे ते मुख्य होते आणि तिथल्या भानगडींमुळे १८७८ साली त्यांना दूर केलेले होते. पण १६ जानेवारी १८८३ रोजी नोकरभरती परीक्षेने करण्याच्या कायद्यावर सही केली ती त्यांनीच. पेंडल्टन कायदा असे त्याचे नाव. पहिल्याने दहांतली एकच जागा या कायद्याखाली आली, मग हळूहळू बहुतेक आल्या. पक्षाला वर्गणी दिली नाही म्हणून नोकराला काढता येणार नाही, असेही त्यात ठरले.

परीक्षा आली म्हणजे न्याय झाला असे मात्र कोणी समजू नये. इथे थोडे थांबू. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले व ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवले होते. त्या सुटलेल्या गुलामांची मुले शिकली, परीक्षेला बसली, पास झाली, वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत कारकून झाली. पुढे १९१३ साली वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. विल्सन पंडित माणूस, विद्यापीठाचे प्रमुख राहिलेले, आणि कारभारशास्त्रावर नाव घेण्याजोगा निबंध लिहिलेले. त्यांच्या राज्यात खजिन्याच्या व टपालाच्या कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबले पडद्याआड गेली, त्यांच्या जेवणाच्या जागा वेगळ्या झाल्या. १९१४ साली तर अर्जासोबत फोटो जोडण्याचा नियम निघाला. परीक्षेत वर आलेल्या तिघांतून एकाला निवडायचा अधिकार साहेबाला असे. फोटो हाती आल्यावर तो कोणाला निवडीत असेल हे सांगायला नको! कागदावर परीक्षा सर्वांना खुली होती आणि दाराला कडी होती. हा फोटोचा नियम १९४० पर्यंत टिकला. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या राज्यातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी राखण्याचा हुकूम काढला, त्याचे मोल अशा वेळी कळते.

असो. नोकर परीक्षेने घेतला, वशिला गेला, तरी त्याला आवरणार कोण? आपल्याकडे म्हणतात तसे, कुंपणच शेत खाऊ लागले तर?

तिकडची व्यवस्था अशी की नोकराला धनी एक नाही, अनेक आहेत. पहिला अध्यक्ष. हुकूम त्याचा, मोठ्या नेमणुका त्याच्या. पण त्यातल्या सुमारे तेराशे जागांच्या नेमणुकांना सिनेटची मान्यता लागते. दुसरी धनी काँग्रेस. ही आपल्याकडची काँग्रेस नव्हे. तिकडे कायदेमंडळालाच तसे म्हणतात, आणि सिनेट हे त्याचेच एक सभागृह. खाते काढणे, मोडणे, त्याला अधिकार देणे हे काँग्रेसच्या कायद्याने होते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कनवटीची गाठ तिच्या हाती. कायद्याने मंजूर झाल्याशिवाय खजिन्यातून एक पै काढता येणार नाही, असे घटनेतच लिहिले आहे. ही गाठ आवळली म्हणजे काय होते ते २०२५ साली दिसले. दोन्ही पक्षांचे पटेना, खर्चाला मंजुरी मिळेना, तेव्हा १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस पुष्कळ कचेऱ्या बंद राहिल्या आणि लाखो नोकर बिनपगारी बसले किंवा बिनपगारी राबले. धन्याधन्यांच्या भांडणात बैल उपाशी!

हिशेब तपासायला १९२१ सालापासून काँग्रेसचे स्वतःचे खाते आहे. त्याचा मुख्य पंधरा वर्षांसाठी नेमलेला असतो, म्हणजे तीन अध्यक्ष आले-गेले तरी तो हलत नाही. मंजूर पैसा अध्यक्षानेच अडवून धरला तर काय, याचा कायदा १९७४ साली झाला. आणि १९७८ पासून खात्याखात्यांत तपासनीस बसवले गेले, त्यांनी आपल्याच खात्यातली लाचलुचपत व उधळपट्टी शोधून काँग्रेसला कळवायची.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. कायदा दोन पानांचा असतो, पण त्याखाली नोकर जे नियम करतात ते दोनशे पानांचे. कुणब्याचा गळा कायद्यात सापडत नाही, नियमात सापडतो. म्हणून १९४६ साली त्यांनी असा कायदा केला, की खात्याला नवा नियम करायचा तर त्याचा मसुदा आधी सरकारी राजपत्रात छापला पाहिजे. कोणाही माणसाला त्यावर लेखी म्हणणे मांडता आले पाहिजे. आलेली म्हणणी खात्याने वाचली पाहिजेत आणि अंतिम नियमाबरोबर त्याची कारणे दिली पाहिजेत. वकील लागत नाही, मुद्रांक लागत नाही. हे राजपत्र कामाच्या दर दिवशी निघते. अपवाद आहेत, पळवाटा आहेत, पण मूळ रीत ही.

याचा उपयोग कसा होतो त्याचे उदाहरण ऐका. रासायनिक खत व औषध न वापरता पिकवलेल्या मालाला काय म्हणावे, त्याची व्याख्या करण्याचे काम काँग्रेसने १९९० साली शेतकी खात्यावर सोपवले. खात्याने डिसेंबर १९९७ मध्ये मसुदा काढला. त्यात तीन गोष्टींना वाव ठेवलेला होता: बियाण्याच्या अंगच्या गुणात फेरफार केलेली पिके, शहराच्या गटाराचा गाळ खत म्हणून, आणि मालावर किरणांचा मारा. म्हणजे गटाराच्या गाळावर वाढलेल्या भाजीवरही शुद्ध शेतीचा शिक्का! शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघेही खवळले. खात्याकडे पावणेतीन लाखांवर पत्रे आली. छोट्या शेतकऱ्यांनी लिहिले, घरच्या बायकांनी लिहिले. खात्याला मसुदा मागे घ्यावा लागला. मार्च २००० मध्ये दुसरा मसुदा निघाला, त्यात या तिन्ही गोष्टींना मनाई होती, आणि डिसेंबर २००० मध्ये तसाच नियम कायम झाला. मोर्चा न काढता, दगड न मारता, पोस्टाच्या तिकिटावर हे काम झाले. आता इतकेही सांगतो, की रोज राजपत्र वाचणारी माणसे पगारी ठेवणे मोठ्या कंपन्यांना परवडते. नांगर धरणाऱ्याला त्या मसुद्याचा पत्ताच पुष्कळदा लागत नाही. दार उघडे आहे, पण त्या दाराशी रोज उभे राहायला सवड कोणाला असते, हेही पाहिले पाहिजे.

कचेरीतले कागद मागण्याचा हक्क त्यांनी १९६६ साली कायद्याने दिला. आपल्याकडे देशभर तो २००५ साली आला, त्याविषयी निराळे बोलायला नको, इथे पुष्कळांनी तो अर्ज लिहिला आहे.

तिसरा धनी कोर्ट. अटलांटिक महासागरात हेरिंग मासा धरणाऱ्या कोळ्यांचा खटला ताजा आहे. मासा संपू नये म्हणून होडीवर सरकारी देखरेख्या ठेवावा, असे कायद्यात होते. पण २०२० साली खात्याने नियम केला की त्याची रोजी होडीवाल्याने द्यावी. ती दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाणार होती. कोळी म्हणाले, आमच्यावर पहारा ठेवायचा आणि पहारेकऱ्याचा पगारही आम्हीच द्यायचा? आता १९८४ सालापासून कोर्टांची रीत अशी होती, की कायद्याचे शब्द संदिग्ध असले व खात्याने लावलेला अर्थ पटण्याजोगा असला तर कोर्टाने तो मानावा. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रीत मोडली. कायद्याचा अर्थ काय हे न्यायाधीश ठरवतील, खाते नव्हे, असा निकाल झाला. कोळ्यांना आनंद झाला. पण या निकालाने गिरण्या, तेलकंपन्या, औषधकंपन्या यांनाही खात्यांविरुद्ध लढायला तेवढेच हत्यार मिळाले. नोकराचा हात बांधला म्हणजे तो कोणाच्या मानेवरचा हात होता हेही बघावे लागते.

कारण नोकर नेहमी खलनायक नसतो. १९६० साली फ्रान्सिस केल्सी नावाच्या डॉक्टरीणबाई औषधखात्यात नव्याने लागल्या. त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते खपत होते, गर्भार बायकाही घेत होत्या. साठ दिवसांत खात्याने हरकत घेतली नाही तर औषध विकायला मोकळीक, असा तेव्हाचा कायदा. बाईंना पुरावा अपुरा वाटला. प्रत्येक वेळी मुदत संपत आली की त्या आणखी माहिती मागवीत. कंपनीची माणसे खेपा घालीत, वरिष्ठांकडे गाऱ्हाणी नेत. बाई हलल्या नाहीत. १९६१ च्या अखेरीस उलगडा झाला, की त्या औषधाने पोटातल्या मुलांचे हातपाय खुंटतात. जगभर अशी हजारो मुले जन्मली. अमेरिकेत फार थोडी, कारण तिथे ते बाजारात येऊच शकले नाही. ही बाई पक्षाच्या वशिल्याने लागलेली आणि वरच्याच्या एका फोनवर निघणारी असती तर काय झाले असते, याचा विचार करा. १९६२ साली अध्यक्ष केनेडींनी तिचा सत्कार केला आणि त्याच साली औषधांचा कायदाही कडक झाला.

तेव्हा प्रश्न असा, की नोकराला काढण्याचा अधिकार कोणाला किती असावा. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की जे आयोग काँग्रेसने निःपक्ष राहावेत म्हणून निर्माण केले, त्यांच्या सभासदांना अध्यक्षाने केवळ मर्जीखातर काढू नये. नव्वद वर्षांनी हा वाद पुन्हा पेटला. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी डझनाहून अधिक तपासनीस एका रात्रीत काढून टाकले. काढण्याआधी ३० दिवस काँग्रेसला कळवावे असा कायदा असताना. त्याच वर्षी आयोगांचे सभासदही काढले गेले आणि नोकरकपात फार मोठी झाली. तपासनिसांना काढणे बेकायदा होते असे एका न्यायाधीशांनी सप्टेंबरमध्ये म्हटले, पण त्यांना परत जागेवर बसवले नाही. आयोगाच्या सभासदांचा खटला डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चालला. अध्यक्षांच्या बाजूचे म्हणणे असे, की लोकांनी निवडून दिले ते अध्यक्षाला. मग ज्याला कोणी मत दिले नाही असा नोकर त्याचे ऐकत नसेल तर ही लोकशाही कसली? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जॅक्सनही असेच काही म्हणत होता. पण त्याच्या मागून काय आले ते वर सांगितलेच.

आणि लोकांनी निवडलेला माणूस जवळ बसवला म्हणजे भागते, असेही नाही. याचे उदाहरण सांगतो आणि पुरे करतो.

अमेरिकेचे शेतकी खाते १८६२ साली लिंकनच्या काळात निघाले, आणि स्वतः लिंकनने त्याला लोकांचे खाते म्हटले. त्याच्या कारभारात परगण्यापरगण्याला शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती असे, आणि शेतकऱ्याच्या कर्जाच्या अर्जात तिचा शब्द चाले. यापेक्षा चांगली व्यवस्था आम्हा-तुम्हाला सुचली नसती. पण दक्षिणेकडच्या परगण्यांत या समित्या बहुतेक साऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या. काळा शेतकरी कर्जाला गेला की अर्जाचा कागदच शिल्लक नाही म्हणून परत जाई. अर्ज घेतला तर तो पेरणी उलटेपर्यंत पडून राही. शेजारच्या गोऱ्याला पैसे वेळेवर मिळत. याला मिळाले तर आषाढ संपल्यावर बी-बियाणे घ्यायला मिळावेत तसे. काहींच्या खात्यातली मंजूर रक्कमही अधिकाऱ्याच्या सहीशिवाय हलत नसे. तक्रार करावी तर ती ऐकणारी वॉशिंग्टनची शाखाच १९८३ साली मोडून टाकलेली. तक्रारी येत होत्या, घेतल्या जात होत्या आणि पडून राहत होत्या. १९२० साली त्या देशात काळ्या शेतकऱ्यांची शेते ९ लाख २५ हजार होती. १९९० नंतरच्या दशकात ती वीस हजारांच्या आत आली. याला कारणे अनेक, पण ही कचेरीही त्यातले एक होती.

१९९७ साली उत्तर कॅरोलिनातल्या एका शेतकऱ्याच्या नावाने हजारोंचा मिळून एक खटला उभा राहिला. त्याच साली खात्याच्या स्वतःच्या चौकशीतही भेदभाव झाल्याचे कबूल झाले. दाव्याची मुदत दोन वर्षांची, आणि तक्रारी त्याहून जुन्या. तेव्हा १९९८ साली काँग्रेसने कायदा करून मुदतीची अडचण दूर केली. १४ एप्रिल १९९९ रोजी न्यायाधीशांनी तडजोड मंजूर केली. गुलामगिरी संपताना काळ्या लोकांना चाळीस एकर जमीन व एक खेचर देण्याचा वायदा झाला होता, तो पाळला गेला नाही, याची आठवण त्यांनी निकालपत्राच्या सुरुवातीलाच दिली. सुमारे सोळा हजार शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, बहुतेकांना ५० हजार डॉलर आणि कर्जमाफी. ज्यांचे दावे उशिरा आले म्हणून राहून गेले, त्यांच्यासाठी २०१० साली आणखी सव्वा अब्ज डॉलरची तडजोड झाली. तोवर दावेदारांतले कित्येक मरून गेले होते, आणि ज्यांची जमीन लिलावात गेली होती ती बहुतेकांची दुसऱ्याच्या नांगराखाली होती.

आमचे बोलणे झाले. कोणाला काही विचारायचे असेल, विशेषतः मागे बसलेल्या बायाबापड्यांना, त्यांनी संकोच न धरता विचारावे.